माझं ‘नाही’ माझंच आहे का?

(स्त्री-आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

बसूनच बोलते, रागवू नका. उभी राहिले तर दहाव्या मिनिटाला धाप लागेल आणि बोलणं अर्ध्यावर राहील. मध्येच थांबले तर घाबरू नका. श्वास घेऊन पुन्हा सुरू करीन.

संयोजक मैत्रिणींनी मला ‘दीर्घ आजार आणि स्त्री’ असा विषय दिला होता. एवढा मोठा विषय मला पेलायचा नाही. मी डॉक्टर नाही, सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात तीस वर्षांहून अधिक काळ अंगणवाडी सेविका आहे. वय ५३. मी माझ्याच आजाराबद्दल बोलणार आहे. पण तो एकटीचा आहे असं मला वाटत नाही, म्हणून तुमच्यासमोर मांडते.

माझ्या आजाराला हार्ट फेल्युअर म्हणतात. हे नाव ऐकलं की माणसं दचकतात. त्यांना वाटतं हृदय बंद पडलं. तसं नाही. हृदय चालतं, पण जेवढं रक्त पुढं ढकलायला हवं तेवढं ढकलत नाही. विहिरीवरची मोटर चालू असावी आणि पाटाला मात्र करंगळीएवढं पाणी यावं, तसं. पुढं जात नाही ते मागं तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की धाप लागते, आडवं झोपता येत नाही. पायात, पोटात तुंबलं की सूज येते. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती भाग एका ठोक्याला बाहेर पडतो, ते सोनोग्राफीसारख्या तपासणीत मोजतात. तिला इको म्हणतात. निरोगी माणसाचा आकडा साधारण ५५ ते ७० टक्के असतो. माझा आता २० आहे.

हे कधी सुरू झालं ते सांगते. १९९८ साली माझं दुसरं बाळंतपण झालं. मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा खोकला सुरू झाला. आडवी झाले की गुदमरायला व्हायचं. भिंतीला टेकून, बाळाला मांडीवर घेऊन रात्र काढायची. पावलं सुजली. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीच्या अंगावर सूज असतेच. शेजारणी म्हणाल्या, थंडी बाधली, शेगडी वाढवा. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. मी स्वतः अंगणवाडीत गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटत होते, मलाही ते पटलं. पाचव्या आठवड्यात माझे ओठ निळे पडले, तेव्हा जीपमध्ये घालून साताऱ्याला नेलं आणि तिथून पुण्याला. तिथं इको झाला. आकडा २५.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत काही बायकांच्या हृदयाचा स्नायू असा अशक्त होतो. आधी हृदयाचा कुठलाच आजार नसतो. वेळेवर ओळखलं, औषधं दिली, तर कितीतरी जणींचं हृदय सुधारतं. माझं ४५ पर्यंत सुधारलं. पण जी बाळंतीण म्हणते ‘मला आडवं होता येत नाही’, तिला आपण अजूनही ‘अशक्तपणा आहे’ असंच सांगतो. तुमच्यापैकी ज्या गावोगाव फिरता, त्यांनी आजच्या भाषणातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. बाळंतीण बसून झोपत असेल तर तिचं हृदय तपासायला पाठवा.

तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता तिसरं मूल नको, त्यात हिचा जीव जाईल. ऑपरेशन तुम्ही करून घ्या, पुरुषाचं सोपं असतं, हिच्या हृदयाला उगाच ताण नको. घरी येऊन चर्चा झाली. चर्चेत मी नव्हते, मी आतल्या खोलीत बाळाला पाजत होते. निर्णय असा झाला की कमावत्या माणसाला अशक्तपणा आला तर एस.टी.ची ड्यूटी कोण करणार? सहा महिन्यांनी माझंच ऑपरेशन झालं. २५ आकड्यावरून नुकत्याच उठलेल्या हृदयाला भूल दिली गेली. मी मेले नाही, म्हणून कुणाला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. खरं सांगते, मलाही वाटलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी महिला मंडळात कुटुंब नियोजनावर बोलत होते आणि पुरुषांनी पुढं यावं असं आवेशानं सांगत होते.

बरं वाटायला लागल्यावर गोळ्या बंद केल्या. पैसे वाचले. आकडा ४५ झाला म्हणजे आजार गेला नाही, गोळ्या चालू ठेवायच्या असतात, हे मला नीट कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. २०१९ साली पुन्हा धाप सुरू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या अंगणवाडीताईंचा संप सुरू झाला. तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्या वेळी बाकीच्या बायका मुंबईला मोर्चाला निघाल्या आणि मी एस.टी. स्टँडचे दोन जिने चढू शकले नाही. बाकावर बसून राहिले. माझ्या वाटची घोषणा दुसऱ्या कुणीतरी दिली असेल.

आता माझा दिवस कसा असतो ते सांगते. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आले की पहिलं काम वजन करायचं. सबंध जन्म दुसऱ्यांच्या मुलांची वजनं केली, तक्ते भरले, आता माझा तक्ता भरते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, ते साठलेलं पाणी. लगेच डॉक्टरांना फोन. दिवसाला दीड लिटर पाणी, त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. एका तांब्याला खूण केली आहे. मीठ अगदी कमी. म्हणजे लोणचं नाही, पापड नाही, खर्डा नाही. सातारकर बाईला खर्डा नाही म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. गोळ्या चार प्रकारच्या : मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. शिवाय पाणी काढणारी लॅसिक्स. डॅपाग्लिफ्लोझिन २०२० नंतर आणि सॅक्युबिट्रिल २०२३ नंतर इतर कंपन्यांनीही बनवायला घेतलं, म्हणून ते आता आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं. त्या वेळेवर आल्या असत्या आणि मी सोडल्या नसत्या, तर आज कदाचित हे भाषण करावं लागलं नसतं.

आणि एक गोष्ट. हा आजार दिसत नाही. हात प्लास्टरमध्ये असला तर बाईला कुणी घागर उचलायला सांगत नाही. माझ्याकडे बघून लोक म्हणतात, ‘चांगली तर दिसताय!’ मग मी उठते, चहा टाकते आणि ओट्याला धरून श्वास घेते.

गेल्या वर्षभरात तीनदा दवाखान्यात भरती झाले. तिसऱ्या वेळी रक्तदाब इतका खाली गेला की गोळ्या कमी कराव्या लागल्या. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की औषधांचं काम आता संपत आलं आहे. दोन वाटा आहेत. एक, हृदय प्रत्यारोपण. दुसरी, हृदयात पंप बसवणं.

प्रत्यारोपणाचं आपल्याला ऐकून माहीत असतं. १९६८ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सेन यांनी देशातला पहिला प्रयत्न केला होता. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आला १९९४ साली आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. वेणुगोपाळ यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. पण त्यासाठी कुणाचं तरी हृदय मिळावं लागतं. रक्तगट जुळावा लागतो, शरीराचं आकारमान जुळावं लागतं आणि काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं. यादीत नाव घालायचं आणि वाट बघायची. वाट बघण्याएवढं आयुष्य हातात असावं लागतं.

म्हणून पंप. हा पंप हृदयाच्या जागी बसवत नाहीत, हृदय आहे तिथंच राहतं. डाव्या कप्प्याच्या टोकाला तो जोडतात. कप्प्यातलं रक्त तो ओढून घेतो आणि एका नळीतून महाधमनीत सोडतो. आत एक चक्र असतं, ते चुंबकाच्या जोरावर कशाला न टेकता अधांतरी फिरतं, मिनिटाला हजारो फेरे. त्याला वीज लागते. म्हणून पोटाच्या कातडीतून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या एका छोट्या डबीला जोडलेली आणि डबी दोन बॅटऱ्यांना. बॅटऱ्या अंगावर वागवायच्या. भरलेली जोडी जास्तीत जास्त १७ तासांपर्यंत चालते. रात्री झोपताना भिंतीतल्या विजेला जोडून घ्यायचं. रक्त पातळ राहण्याची गोळी जन्मभर आणि तिच्यासाठी वरचेवर रक्ततपासणी. एक दिवस मेथीची मोठी जुडी आणि मग आठवडाभर पालेभाजी नाही, असं चालत नाही, गोळीचं गणित बिघडतं. वायर जिथून बाहेर येते ती जागा कायम स्वच्छ ठेवायची, ठरल्याप्रमाणे ड्रेसिंग करायचं, नाहीतर तिथून जंतू आत जातात. विहिरीत, नदीत उतरायचं नाही. रक्त एकसारखं वाहत राहिल्यामुळे मनगटाला नाडी लागेलच असं नाही.

हे ऐकून मी डॉक्टरांना विचारलं, वायर नेमकी कुठून येते? त्यांनी पोटावर हात ठेवून दाखवलं. मी म्हटलं, अहो, तिथंच तर परकर बांधतो आम्ही. म्हणजे हाताची नाडी लागणार नाही आणि परकराची नाडी बांधता येणार नाही! डॉक्टर हसले. मग म्हणाले, खरंय, याचा आम्ही विचार केला नव्हता. बॅटऱ्यांसाठी पट्टे आहेत, जाकिटं आहेत. नऊवारी नेसणाऱ्या, सहावारी नेसणाऱ्या बाईनं काय करायचं, हे त्यांना सांगता येईना.

इथं माझ्या लेकीनं मला मदत केली. ती इंग्रजीतलं वाचून सांगते. २००१ साली अमेरिकेत या पंपाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना प्रत्यारोपण करता येत नव्हतं असे १२९ रुग्ण. पंप लावलेल्यांपैकी वर्षभरानंतर ५२ टक्के जिवंत होते, फक्त औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के. मोठाच फरक. पण त्या १२९ मध्ये बायका साधारण पाचात एक. तेव्हाचा पंप किलोहून जड होता, लहान चणीच्या शरीरात मावतच नसे. म्हणजे कितीतरी बायका मोजमापातच बाद. पुढं पंप लहान होत गेले. आताचा पंप सुमारे २०० ग्रॅमचा आहे, तो २०१७-१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. २०२२ साली त्याचा पाच वर्षांचा हिशोब आला : शंभरात ५८ जिवंत. हा आकडा चांगला आहे. पण त्याही चाचणीत बायका पाचात एकच. मधल्या काळात लहान शरीराला सोयीचा म्हणून एक आणखी छोटा पंप निघाला होता. त्यानं पक्षाघात आणि मृत्यू जास्त होतात, बंद पडला तर कधीकधी पुन्हा सुरू होत नाही, असं दिसल्यावर जून २०२१ मध्ये त्याची विक्री थांबवली. जुन्या पंपांमध्ये बायकांना पक्षाघाताचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळलं होतं. पंप लावलेल्या तरुण बाईला रक्त पातळ करण्याच्या गोळीमुळे पाळीत भयंकर रक्तस्राव होऊ शकतो आणि तिनं गरोदर राहणं धोक्याचं असतं. हे प्रश्न आपण विचारले नाहीत तर आपणहून फार कमी वेळा सांगितले जातात.

आता त्या दिवशीच्या बैठकीकडे परत येते. डॉक्टरांनी विचारलं, ‘पंप लावल्यावर ह्यांच्याबरोबर चोवीस तास कोण राहणार? बॅटरी बदलणं, ड्रेसिंग, भोंगा वाजला तर काय करायचं, याचं शिक्षण त्या व्यक्तीला द्यावं लागेल.’ प्रश्न चुकीचा नव्हता, आवश्यकच होता. पण खोलीत नवरा होता, मुलगा होता, सून होती. आणि सगळ्यांच्या माना सुनेकडे वळल्या. कुणी काही बोललं नाही. सून तेवीस किलोमीटरवर एका शाळेत नोकरीला आहे. तिला दोन वर्षांचं मूल आहे. ती खाली बघत म्हणाली, ‘मी करीन.’ मैत्रिणींनो, तिच्या जागी मी मला बघितलं. एका बाईचा जीव वाचवायचा तर त्याची किंमत दुसऱ्या बाईनं भरायची आणि पुरुषांनी फक्त गाडी करून आणायची.

मग पैशांचा विषय निघाला. मला सांगितलेला आकडा, यंत्र आणि शस्त्रक्रिया धरून, एक कोटीच्या घरातला होता. माझं सबंध नोकरीचं मानधन एकत्र केलं तरी त्याच्या जवळपास जात नाही. सरकारी जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्या पाच लाखांचा मला आदर आहे, पण कोटीपुढं ते काय पुरणार? मुलगा म्हणाला, घर विकू. घर नवऱ्याच्या नावावर. माझ्या नावावर विकायला काही नाही. माहेरची जमीन होती. २००५ च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. मी तो कायदा बचत गटात समजावून सांगितला आणि २००७ साली भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करून आले. चोळी-बांगडीला माहेर राहावं म्हणून. ती सही आज आठवते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी म्हटलं, ‘मला पंप नको. नातवाच्या डोक्यावर छप्पर राहू दे. माझं झालं जगून.’

आणि काय झालं सांगू? घरातला ताण एकदम उतरला. मुलगा रडला, पण त्याचा चेहरा मोकळा झाला. जाऊबाई म्हणाल्या, तुमच्यासारखं मन पाहिजे. गावात बातमी गेली. लोक भेटायला आले ते माझं कौतुक करत. किती समजूतदार बाई! इतकं कौतुक मी तीस वर्षांच्या कामात ऐकलं नव्हतं. पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. तिसऱ्या रात्री, नेहमीसारखी उशांना टेकून बसले होते आणि मनात आलं, मी मरायचं कबूल केल्यावर सगळ्यांना मी इतकी आवडायला लागले, हे कसं?

त्या रात्री मला २०१४ साल आठवलं. नवऱ्याच्या छातीत दुखलं, तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या, बायपास सांगितली. डॉक्टरांनी रक्कम सांगितली आणि मी तिथल्या तिथं हातातल्या पाटल्या काढल्या. कुणाला विचारलं नाही. त्यानंही ‘माझं झालं जगून’ असं म्हटलं नाही. आणि त्यानं तसं म्हणावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. मी त्याला दोष देत नाही. जगावंसं वाटणं हा काही दोष नाही. पण मला जगावंसं वाटतं हे म्हणायला मला लाज का वाटली?

मग मी अंगणवाडीचं जुनं रजिस्टर घेतलं, पाठकोऱ्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, हे ‘नाही’ माझं आहे. दुसऱ्या बाजूला लिहिलं, हे ‘नाही’ मला शिकवलेलं आहे.

पहिल्या बाजूला काय आलं? वळवाच्या पावसात आमच्या गावात तार तुटली की वीज कधी येईल सांगता येत नाही. रुग्णालय सव्वाशे किलोमीटरवर. पोटातून रक्तस्राव, पक्षाघात, वायरीचा जंतुसंसर्ग, हे खरे धोके आहेत. हृदयाची उजवी बाजूही अशक्त असेल तर नुसता डावीकडचा पंप पुरत नाही. आणि मला यंत्रावर अवलंबून राहायची भीती वाटते. ही माझी कारणं. यातलं कुठलंही कारण सांगून एखादी बाई ‘नाही’ म्हणाली, तर तिला भित्री म्हणायचा कुणाला अधिकार नाही.

दुसऱ्या बाजूला आलं : माझ्यावर एवढा खर्च कशाला. सुनेला त्रास नको. लोक काय म्हणतील, ह्या वयात घर विकायला लावलं. नातवाचं छप्पर. मी आता कुणाच्या उपयोगाची नाही.

शेवटचं वाक्य लिहिलं आणि मी पेन खाली ठेवला. कारण हेच वाक्य मुलगी जन्मल्यावर तिच्या आईला ऐकवतात आणि त्याविरुद्ध मी आयुष्यभर भांडले होते.

ही दुसरी बाजू फक्त माझ्या वहीत नाही. राष्ट्रीय पातळीवरची आकडेवारी अशी की १९९५ ते २०२१ या काळात देशात अवयव मिळालेल्या ३६,६४० रुग्णांपैकी बायका ६,९४५ होत्या. म्हणजे पाचात एकही नाही. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत? तिथं पाचात चार बायका. मूत्रपिंड, यकृताचा भाग देणारी आई, बायको, बहीण. आपण द्यायला पुढं असतो आणि घ्यायची वेळ आली की ‘नको’ म्हणतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेनं राज्यांना कळवलं की प्रतीक्षायादीत बायकांना प्राधान्याचे गुण द्यावेत. चांगलं झालं. पण यादीत नावच आलं नाही तर गुण कुणाला देणार?

तर मी काय केलं ते सांगते. घरच्यांना बसवलं आणि म्हटलं, मी माझं ‘नाही’ मागं घेतलंय. ‘हो’ अजून म्हटलेलं नाही. आधी मला सगळं समजून घ्यायचं आहे. मुलगा म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलं ना सगळं. मी म्हटलं, तुला सांगितलं. मला नाही.

पुन्हा वेळ घेतली. या वेळी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत मी बसले. वहीत प्रश्न लिहून नेले होते. माझ्या चणीच्या किती बायकांना तुम्ही पंप लावलाय? त्या कशा आहेत? त्यांच्यापैकी कुणाची तयारी असेल तर मला बोलता येईल का? वीज गेली तर किती बॅटऱ्या जवळ हव्यात? बॅटऱ्या जुन्या झाल्या की नव्यांचा खर्च किती? पंप प्रत्यारोपण होईपर्यंतचा की कायमचा? आणि शेवटचा प्रश्न : मला नकोसं झालं तर पंप बंद करायचा निर्णय कोण घेणार? त्या प्रश्नावर मुलगा उठून बाहेर गेला. पण विचारायलाच हवा होता. बाकी शरीर थकलं तरी यंत्र चालूच राहतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालानं माणसाला आधीच लेखी इच्छा सांगून ठेवायचा हक्क दिला आहे, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. मी माझी इच्छा दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवली. ‘हो’ झालं तरी ती लागेल, ‘नाही’ झालं तरी लागेल.

सुनेला मी सांगितलं, तू नोकरी सोडायची नाही. पंप बसला तर ड्रेसिंग तुझे सासरे शिकतील. ते म्हणाले, मला नाही जमणार, माझे हात थरथरतात. मी म्हटलं, कंडक्टर असताना चालत्या गाडीत, एका हातानं दांडी धरून तिकिटाला चिमट्यानं टोचे मारत होता, तेव्हा नव्हते का थरथरत? आता रोज सकाळी माझ्या वजनाची नोंद तेच करतात. गोळ्यांचा डबा तेच भरतात. मीठ न घातलेली भाजी करायला शिकलेत. पहिल्या दिवशी करपली. मी खाल्ली.

पैशांचं काय, असं तुम्ही विचाराल. ते उत्तर माझ्याजवळ नाही. धर्मादाय रुग्णालयांकडे, मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करतेय. प्रत्यारोपणाच्या यादीसाठीच्या तपासण्या सुरू झाल्या आहेत. पुढच्या महिन्यात उजव्या बाजूच्या हृदयातला दाब मोजणार आहेत. त्यावर बरंच ठरेल. कदाचित त्या तपासणीनंतर पंप माझ्यासाठी नाहीच असंही निघेल. कदाचित पैसे जमणार नाहीत आणि माझं ‘नाही’ परत येईल. पण तेव्हा ते परिस्थितीचं ‘नाही’ असेल, पैशाचं असेल. त्याला त्याग म्हणून माझा सत्कार करू नका. जो उपचार जीव वाचवतो आणि कोटीत मिळतो, त्याबद्दल एका बाईच्या समजूतदारपणाचं कौतुक करून समाजाला सुटता येणार नाही. सरकारी रुग्णालयात तो सहज का मिळत नाही, हा प्रश्न उभाच राहतो.

तुमच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, बाळंतिणीची धाप अंगावर काढू देऊ नका. दोन, तुमच्या ओळखीतली कुणी आजारी बाई ‘मला काही नको’ म्हणाली, तर लगेच वाहवा करू नका. तिच्याजवळ बसा आणि तिला विचारा, तुझ्या जागी तुझा नवरा असता तर तू काय म्हणाली असतीस? आणि मग ती जे म्हणेल ते मान्य करा, ‘नाही’ असलं तरी. तीन, आपल्या गटांमध्ये आजारी मैत्रिणीसाठी पाळ्या लावा. आठवड्याला दोन तास जरी दिले, तरी घरातल्या एखाद्या सुनेची, लेकीची नोकरी वाचते. आमच्या गटातल्या सहाजणींनी तयारी दाखवली आहे. त्यातल्या दोघींनी तर विचारलं, बॅटरी कशी बदलायची ते आत्ताच शिकवतात का? आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंनाही सांगून ठेवणार आहोत, की उद्या ही बाई बेशुद्ध पडली आणि हाताला नाडी लागली नाही, तरी मेली समजू नका, आधी पंपाचा आवाज ऐका.

बराच वेळ बोलले. दोनदाच थांबावं लागलं, म्हणजे आजचा दिवस चांगला आहे. आता कुणीतरी मला पाणी द्या, अर्धाच पेला, हिशोबात धरायचा आहे. आणि तुम्ही प्रश्न विचारा.